अरण्याचा वरचा मजला

दोनएक वर्षांपूर्वीची गोष्ट. माघ महिना संपत आला होता. आमच्या कॉलेजातील भूगोलाच्या विद्यार्थ्यांना घेऊन मी सेलू तालुक्यात बोर धरणाच्या बाजूला गेलो होतो. सागाची पानगळ जोरात होती. पायाखाली पानांचा असा थर होता की, चालणाऱ्याचा आवाज शंभर पावलांवरून ऐकू यावा. त्या थरातले एक पान उचलून मी मुलांना सांगत होतो की, हे पान कुजते, त्याची माती होते, आणि ती माती पावसाचे पाणी धरून ठेवते. शेजारी एक वृद्ध गृहस्थ शेळ्या घेऊन उभे होते. त्यांनी माझे सगळे बोलणे शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, "गुरुजी, हे खालचं त आमाले बी दिसते. पन वर शेंड्यावर काय होते, ते कोनं पाह्यलं जी?"

मुले हसली. मी हसलो नाही, कारण प्रश्न अगदी नेमका होता. पान तयार होते वर. फूल येते वर, फळ धरते वर, पाखरू, माकड, मधमाशी सगळी वर. आणि आपण पुस्तकवाले लोक खाली उभे राहून जे पडेल ते वेचतो आणि त्यावरून वरचा हिशेब मांडतो. त्या दिवशी मी त्यांना नीट उत्तर देऊ शकलो नाही. घरी आल्यावर वाचू लागलो, तेव्हा कळले की, हाच प्रश्न जगातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी स्वतःला विचारला होता आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी ते खरोखरच झाडांच्या शेंड्यांवर जाऊन राहिले होते. त्यांची हकीकत आज सांगावयाची आहे, आणि तिचा आपल्या वर्धा जिल्ह्याशी काय संबंध, हेही शेवटी सांगणार आहे.

प्रथम अरण्याविषयी दोन शब्द. आपल्याकडचे जंगल पानझडीचे. साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह, सालई, बांबू ही त्यातली मंडळी. आपल्याकडे वर्षाकाठी सुमारे हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही चार महिन्यांत. उरलेले आठ महिने झाडाला पुरवून पुरवून काढावे लागतात. म्हणून ते उन्हाळ्यापूर्वी पाने टाकून देते. एखाद्या काटकसरी गृहिणीने दुष्काळात खाणारी तोंडे कमी करावीत, तसेच हे. पृथ्वीच्या मध्यभागी विषुववृत्ताच्या आजूबाजूला मात्र बाराही महिने ऊब आणि पाऊस. तेथील झाडे एकदम बोडकी होत नाहीत. त्या जंगलांना वर्षावने म्हणतात. ब्राझील, कांगो, मलाया, बोर्निओ ही त्यांची घरे. आपल्या महाराष्ट्रातही सह्याद्रीच्या माथ्यावर, आंबोली, राधानगरी, चांदोली, कोयना या भागात सदाहरित व निमसदाहरित जंगले आहेत. तेथे जांभूळ, अंजनी, हिरडा अशी झाडे माथ्याला माथा लावून उभी असतात.

अशा दाट अरण्याची रचना माडीच्या घरासारखी असते. अगदी तळाला ओलसर जमीन, त्यावर झुडपे आणि रोपे, त्यावर मध्यम उंचीची झाडे, आणि सर्वांत वर तीस-चाळीस मीटर उंचीवर मोठ्या झाडांच्या माथ्यांचे एक अखंड छत. काही झाडे त्या छतालाही भेदून वर गेलेली असतात. या छताला आपण वृक्षछत्र म्हणू. सूर्याचा प्रकाश ह्या छत्रावर पडतो आणि तेथेच बहुतेक सगळा संपतो. शंभर भाग प्रकाश वर पडला, तर जमिनीपर्यंत एक-दोन भाग पोहोचतात. आता प्रकाश हेच जर झाडाचे अन्न शिजवण्याचे सरपण, तर स्वयंपाकघर कोठे असणार? वरच्या मजल्यावर. आणि स्वयंपाकघर जेथे, तेथेच खाणारे जमायचे. म्हणून वर्षावनातील प्राण्यांपैकी मोठा भाग कधी जमिनीवर पाय ठेवतच नाही, किंवा क्वचित ठेवतो. आपला शेकरूच पाहा ना. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी घरटे झाडावर बांधतो आणि बहुतेक आयुष्य फांद्यांवरच काढतो. भीमाशंकरचे अभयारण्य १९८५ साली झाले, ते प्रामुख्याने याच शेकरूसाठी. झाडांचे माथे एकमेकांना भिडलेले असले तरच त्याचा रस्ता चालू. मधली दहा झाडे तुटली की त्याच्या दृष्टीने पूल मोडला.

तर असा हा वरचा मजला. आश्चर्य असे की, विसाव्या शतकाचा बराचसा काळ शास्त्रज्ञांना तो माहीतच नव्हता. ते काय करीत? दुर्बिणीने पाहात. बंदुकीने फांदी पाडीत. एखादे झाडच तोडून त्याची फुले-फळे गोळा करीत. किंवा खाली पडेल ते वेचीत. परंतु तोडलेले झाड म्हणजे मेलेले झाड. त्यावर आज कोण येते, उद्या कोण येते, रात्री काय घडते, हे त्यावरून समजत नाही. गावची जत्रा उठून गेल्यावर मैदानातला केरकचरा पाहून जत्रेचे वर्णन लिहावे, तसा तो प्रकार होता.

यावर पहिला उपाय निघाला तो मुक्कामाचा. अरण्यातच एखादे छोटे ठाणे बांधावे, तेथे राहण्याची, लिहिण्याची, वजनकाट्यांची व सूक्ष्मदर्शकाची सोय करावी, आणि वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी नोंदी ठेवाव्यात. यालाच आपण अरण्यातील अभ्यासकेंद्र म्हणू. याचे प्रसिद्ध उदाहरण पनामा देशात आहे. पनामाचा कालवा खोदताना चाग्रेस नदीला बांध घातला. पाणी चढले आणि एका टेकडीचे बेट झाले. त्याचे नाव बारो कोलोरादो. सुमारे पंधराशे हेक्टरांचे हे बेट १९२३ साली संशोधनासाठी राखून ठेवण्यात आले. पुढे ते अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेकडे आले. १९८० च्या सुमारास तेथे पन्नास हेक्टरांचा एक तुकडा आखण्यात आला. त्यातील बोटाएवढ्या जाडीच्या रोपापासून तो कवेत न मावणाऱ्या वृक्षापर्यंत प्रत्येक खोडाला क्रमांकाचा बिल्ला लावला. अशी खोडे निघाली दोन लाखांहून अधिक, आणि त्यांच्या जाती सुमारे तीनशे! साधारणतः दर पाच वर्षांनी त्या सगळ्यांची पुन्हा मोजणी होते. कोण वाढले, कोण मेले, कोण नवे आले, याची ही जनगणनाच म्हणा.

अशा ठाण्याचे महत्त्व आपल्या शिक्षकबंधूंना वेगळे सांगावयास नको. शाळेची तपासणी करणारा अधिकारी वर्षातून एकदा येतो आणि एका दिवसात शाळेचे मत बनवतो. शाळा खरी कशी चालते, हे मात्र तेथे रोज असणाऱ्या गुरुजींनाच ठाऊक. जंगलाचेही तसेच आहे.

मात्र मुक्काम झाला, तरी शेंडा अजून दूरच होता. मग एकेक युक्ती निघाली. गिर्यारोहकांचे दोर आले. धनुष्यबाणाने किंवा गलोलीने एक बारीक दोरी उंच फांदीवरून पलीकडे टाकायची, तिच्या टोकाला जाड दोर बांधून ओढून घ्यायचा, आणि कमरेला पट्टा बांधून त्या दोराने वर सरकायचे. काम भागे, परंतु माणूस एका फांदीला लटकलेला. हाताला पोहोचेल तेवढेच त्याचे राज्य.

टेरी अर्विन नावाच्या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने पनामात निराळाच मार्ग धरला. त्याने झाडाच्या माथ्यात औषधी धुके सोडले आणि खाली नरसाळी मांडली. एकाच जातीच्या एकोणीस झाडांवरून केवळ भुंगेरेवर्गातले कीटक निघाले सुमारे बाराशे जातींचे. त्यावरून हिशेब करून १९८२ साली त्याने लिहिले की, जगात कीटक व त्यांच्या भाऊबंदांच्या जाती तीन कोटी असाव्यात. तोवर लोक दहा-पंधरा लाख समजत होते. पुढे इतरांनी हा आकडा तपासला आणि तो पुष्कळ खाली आणला. आजचे बरेच अंदाज सत्तर लाखांच्या आसपास येतात. परंतु अर्विनचा आकडा चुकला म्हणून त्याचे काम वाया गेले, असे नव्हे. वरच्या मजल्यावर एवढी वस्ती आहे आणि आपल्याला तिचा पत्ता नाही, ही गोष्ट त्या एका आकड्याने जगाच्या कानी घातली.

यानंतर आले झुलते मार्ग. आपण कोकणात किंवा मेळघाटात ओढ्यावरचा साकव पाहिला असेल. तसाच हा साकव, पण ओढ्यावरचा नव्हे. झाडावरून झाडावर जाणारा. मजबूत अशी काही झाडे निवडायची. त्यांच्याभोवती लाकडी मचाण बांधायचे. एका मचाणापासून दुसऱ्या मचाणापर्यंत पोलादी दोर ताणायचे, त्यांवर फळ्या टाकायच्या, दोन्ही अंगांना जाळी लावायची. येथे एक खबरदारी घ्यावी लागते. झाड म्हणजे खांब नव्हे. ते वाऱ्याने हलते आणि दरवर्षी जाड होते. आवळून बांधलेला दोर काही वर्षांत सालीत रुततो, आणि सालीतूनच झाडाचे अन्न खाली उतरत असल्याने झाड मरते. म्हणून खोड आणि दोर यांच्यामध्ये लाकडी ठोकळे घालतात, पट्टे वेळोवेळी सैल करतात, आणि मार्गाला थोडे झुलण्याइतके अंग ठेवतात. चालणाऱ्याने कमरेचा पट्टा वरच्या दोराला अडकवूनच चालायचे, हा नियम. असा एक मार्ग तयार झाला की, एकाच वेळी चार माणसे, रात्री-अपरात्री, पावसातसुद्धा, त्याच त्या फांदीपाशी पुन्हा पुन्हा जाऊ शकतात. पुढे १९९० साली पनामातच इमारती बांधण्याचा उंच यारी जंगलात उभा करून त्याच्या टोकाच्या पाळण्यातून शेंडे पाहण्याचीही सोय झाली.

आता आपण विचाराल, एवढा खटाटोप करून मिळाले काय? दोनच उदाहरणे सांगतो.

पहिले पानाचे. मार्गारेट लोमन या बाई ऑस्ट्रेलियातील वर्षावनात काम करीत होत्या. किडे झाडाची किती पाने खातात, हा त्यांचा प्रश्न. पूर्वीचे लोक काय करीत? खाली पडलेली पाने गोळा करून त्यांतली भोके मोजीत, आणि सांगत की, शंभरातला अमुक भाग किड्यांनी खाल्ला. लोमनबाई दोराने वर गेल्या, पुढे त्यांच्या पुढाकाराने तेथे झुलता मार्गही झाला. त्यांनी जिवंत फांदीवरच्या पानांवर न पुसणाऱ्या शाईने क्रमांक घातले आणि महिन्यामहिन्याला तीच पाने तपासली. तेव्हा दिसले की, किडे खातात ते पूर्वीच्या अंदाजापेक्षा कितीतरी अधिक. का बरे? कारण अगदी साधे आहे. जे पान संपूर्ण खाल्ले गेले, ते खाली पडतच नाही! त्याचे भोक कोण मोजणार? खालून पाहणाऱ्याच्या हिशेबात फक्त वाचलेली पाने येत होती. त्याच क्रमांकांमुळे हेही कळले की, सावलीतली काही पाने दहा वर्षांहून अधिक काळ झाडावर टिकतात.

आपल्या सागाकडे पाहा. पावसाळ्यात व त्यानंतर सागाच्या पानांची चाळणी झालेली आपण पाहतो. हिरवा भाग गेलेला आणि शिरांची जाळी तेवढी उरलेली. ती करणारी अळी जाळी मागे ठेवते, म्हणून ती आपल्याला दिसते. सागावरच दुसरी एक अळी आहे, ती शिरांसकट कोवळे पान फस्त करते. तिच्या खाण्याची खूण जमिनीवर फारशी येत नाही. गावातली जी माणसे तक्रार घेऊन चावडीवर येतात तीच मोजली जातात आणि जी गाव सोडून गेली ती हिशेबातून जातात, तसेच हे झाले.

दुसरे उदाहरण फुलांचे. बोर्निओ बेटावर सारावाक प्रांतात लांबीर नावाच्या टेकड्या आहेत. पनामासारखाच पन्नासएक हेक्टरांचा आखीव तुकडा तेथे आहे, आणि त्यात झाडांच्या जाती भरल्या सुमारे बाराशे! तामिजी इनोउए या जपानी शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांबरोबर १९९० नंतर तेथे झाडांना धरून उंच मनोरे उभारले आणि त्यांना जोडणारे झुलते मार्ग बांधले. त्या अरण्याची एक विलक्षण रीत आहे. तेथील मोठी झाडे दरवर्षी फुलत नाहीत. दोन वर्षे जातील, पाच जातील, कधी दहाही जातील. आणि मग एकाएकी शेकडो जाती काही महिन्यांत मिळून बहरतात. खालून पाहणाऱ्याला जमिनीवर फुलांचा सडा दिसे, पण त्या उंचीवर परागांची ने-आण कोण करते, हे कळत नसे. १९९६ मध्ये असा बहर आला, तेव्हा मार्ग तयार होता, माणसे वर होती. त्यांनी पाहिले की, नेहमी त्या जंगलात नसणारी एक मधमाशी बहराच्या वेळी बाहेरून थवेच्या थवे करून येते, मोहोळे लावते आणि बहर संपला की निघून जाते. ही माशी कोणती, ठाऊक आहे? आपली आग्या माशीच! आपल्याकडे उंच झाडांना, पाण्याच्या टाक्यांना जिची मोठमोठी पोळी लटकतात आणि जिच्या भीतीने गाव दारे लावून घेते, तीच. तिचे ते फिरते बिऱ्हाड म्हणजे त्या अरण्याच्या वंशवृद्धीचा एक आधार आहे.

इनोउए यांना या कामाचा शेवट पाहता आला नाही. १९९७ च्या सप्टेंबरात ते लांबीरकडे जात असताना त्यांचे विमान त्याच टेकड्यांत कोसळले आणि ते मृत्यू पावले. परंतु त्यांनी उभे केलेले मनोरे आणि मार्ग राहिले, नोंदवह्या चालू राहिल्या, आणि १९९८ च्या कडक अवर्षणात ते अरण्य कसे होरपळले, याचीही नोंद त्यांच्या मागच्या मंडळींनी केली. माणूस गेला तरी नोंद चालू राहते, हीच अशा अभ्यासकेंद्राची खरी पुण्याई.

आपल्या देशातही हे काम झाले आहे. दक्षिणेत कळक्काड-मुंडनथुराई येथील सदाहरित जंगलात गणेश आणि सौभद्रा देवी या संशोधकांनी झाडांवर चढून कोणत्या फुलाला कोणता कीटक, कोणते पाखरू, कोणता प्राणी भेट देतो, याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. २००९ साली वृक्षछत्राचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या मंडळींची परिषद बंगळूर येथे भरली होती. पुण्याचे माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० नंतरच्या दशकात सह्याद्रीतील देवराया पायी फिरून नोंदवल्या, आणि देवाच्या नावाने राखलेल्या त्या लहान तुकड्यांत जुन्या अरण्याचा वरचा मजला कसा शाबूत राहिला आहे, ते दाखवून दिले. मुंबईत मलबार हिलवर २०२५ साली झाडीतून जाणारा अर्ध्या किलोमीटरला थोडा कमी असा उंच लाकडी मार्ग लोकांसाठी खुला झाला. तो संशोधनाचा नव्हे, फिरायचा. परंतु शहरातली पोरे झाडाचा माथा डोळ्यांच्या पातळीवर पाहतात, हेही काही थोडे नाही.

आपल्या कामाचे उदाहरण मात्र निलगिरीच्या पायथ्याशी मुदुमलाई येथे आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने १९८८ साली तेथे पन्नास हेक्टरांचा तुकडा आखला. हे वर्षावन नव्हे. आपल्यासारखेच पानझडीचे जंगल. साग, ऐन, धावडा, बहावा ही आपलीच नावे तेथे सापडतात. तेथे दरवर्षी झाडांची हजेरी घेतात. त्या हजेरीतून एक गोष्ट स्पष्ट झाली. उन्हाळी वणव्यात मोठी झाडे बहुधा वाचतात. मरतात ती बारीक खोडांची, कोवळी. म्हणजे असे की, वणवा येऊन गेल्यावर पावसाळ्यात वर पाहावे तर अरण्य हिरवेगार. पण खाली त्या अरण्याची पोरेबाळे नाहीत. हे दुखणे एका वर्षात दिसत नाही. म्हाताऱ्यांचे गाव जसे काही वर्षे भरल्यासारखे वाटते, तसे ते अरण्य भरल्यासारखे वाटत राहते.

श्रोतेहो, येथे मला माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. आमचे गाव जंगलाच्या कडेला. धुऱ्यापलीकडे आमचा एक जुना मोह होता. मोहाचे फूल रात्री उमलते आणि पहाटे टपटप गळते. ते पाचोळ्यात पडले की वेचायला त्रास, म्हणून आजी फुले गळू लागण्याआधी झाडाखालचा पाचोळा पेटवून जागा साफ करी. सगळेच करीत. त्या वर्षी पेटवण्याचे काम मी हौसेने मागून घेतले. दुपारची वेळ होती. वारा उठला, आणि आग माझ्या हातातल्या डहाळीला न जुमानता कोरड्या गवतातून शेजाऱ्याच्या वावरात शिरली. त्याची कडब्याची गंजी डोळ्यांदेखत बसली. बाबांनी त्याला आमच्या कडब्यातला अर्धा दिला. त्या उन्हाळ्यात आमच्या बैलांच्या फासळ्या मोजता येत होत्या, आणि मी गोठ्यात जाण्याचे टाळीत असे. कडब्याचा हिशेब फिटला. त्या आगीत जंगलाच्या बाजूचे किती गेले, याचा हिशेब मात्र कोणी केला नाही, मीही केला नाही. तो हिशेब कसा मांडावा, हे मला शेंड्यांवर चढलेल्या लोकांची पुस्तके वाचल्यावर समजले.

तो हिशेब असा. वरच्या मजल्यावर वर्षभर शिजवलेले अन्न पाने होऊन खाली येते. ते कुजले, तर त्यातले सत्त्व पुन्हा मुळांवाटे वर जाते. ते जाळले, तर काही धुरातून जाते आणि उरलेली राख पहिल्या वळवात वाहून जाते. शिवाय सागाचे पान मोठे. पावसाचे बारीक थेंब त्यावर जमतात आणि पानाच्या कडेवरून एक मोठा, जड थेंब होऊन उंचावरून आदळतात. खाली पाचोळ्याची गादी असेल, तर तो थेंब तिच्यावर फुटून हळूच जिरतो. गादी जळून गेली असेल, तर तोच थेंब उघड्या मातीला खणतो. म्हणजे वर झाड असूनही खाली माती वाहते. झाड आहे म्हणून माती वाचली, असे आपण समजतो. परंतु मातीला वाचवतात ती झाड आणि पाचोळा दोघे मिळून. ती वाहिलेली माती नाल्यातून नदीत आणि नदीतून धरणात गाळ होऊन बसते. आणि जे पाणी जिरायचे, ते विहिरीत न येता निघून जाते.

जंगल असले की पाऊस पडतो, असे सरसकट बोलले जाते. आपला पाऊस समुद्रावरून येणाऱ्या मोसमी वाऱ्यांचा. एका गावाच्या जंगलाने तो वाढेल, अशी आशा मी कोणाला दाखवणार नाही. परंतु जो पडतो, तो जमिनीत राहावा की नाल्याने जावा, हे ठरवणे पुष्कळसे आपल्या हाती आहे.

आता मोह वेचणाऱ्या माणसाने काय करावे? त्याला नुसते 'जाळू नका' म्हणणे सोपे आहे. मार्च-एप्रिलात हातात दुसरा पैसा नसतो, तेव्हा तीच फुले घरात मीठ-मिरची आणतात. म्हणून उपायही त्याला परवडणारा पाहिजे. झाडाखालचा पाचोळा झाडून थोडा दूर सारावा आणि फुले गळण्याच्या दिवसांत जुने लुगडे, पोती किंवा जाळी अंथरावी. पहाटे गोळा करून घडी घालावी. फूल स्वच्छ मिळते, माती-राख लागत नाही. मोसम संपला की पाचोळा पुन्हा पसरावा. काही ठिकाणी लोक हे करीतही आहेत.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी एक विनंती आहे. आपल्याला पोलादी दोर नकोत की यारी नको. मुलांना झाडावर चढवायचेही नाही. बोरचे जंगल १९७० पासून अभयारण्य आहे आणि २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प. तेथे परवानगीवाचून जायचे नाही. शाळेच्या आवारात किंवा गावच्या पांदणीला एक मोह, एक पळस, एक साग असतोच. त्यांना क्रमांकाचे बिल्ले लावा. एक वही करा. दर सोमवारी मुलांनी लिहावे: नवी पालवी किती, फूल आले का, फळ आले का, कोणते पाखरू बसले होते. दुसरे काम पाचोळ्याचे. चार काठ्या रोवून त्यांना गुडघ्याएवढ्या उंचीवर एक मीटर लांब-रुंद जुनी मच्छरदाणी झोळीसारखी बांधा. महिनाभरात तिच्यात जे पडेल ते वाळवा. पाने, काड्या, फुले वेगळी करा. दुकानातल्या तराजूवर तोला आणि तारखेसह लिहा. वरच्या मजल्यावरून खाली किती माल येतो, त्याची ही आवकवही. तिसरे, सागाच्या एका खालच्या फांदीवरची दहा पाने निवडून त्यांवर शाईने क्रमांक घाला आणि आठवड्याला पाहा. एखाद्या आठवड्यात सात क्रमांकाचे पान जागेवर नसेल. मुलांना विचारा, ते गळले की खाल्ले? झोळीत पाहा. हा प्रश्न मुलाने एकदा स्वतःला विचारला की, त्याला विज्ञानाचा अर्धा धडा कळला.

मात्र वही दोन महिन्यांनी बंद पडू देऊ नका. आपली बदली झाली, तर येणाऱ्या गुरुजींच्या हाती ती द्या. पाच वर्षांनी त्या वहीत मोहाचा बहर कोणत्या वर्षी लवकर आला, कोणत्या वर्षी बुडाला, हे दिसेल. अशी वही आज बहुतेक गावांत नाही.

त्या शेळ्या राखणाऱ्या वृद्धांना मी गेल्या वर्षी पुन्हा भेटलो. म्हटले, "बाबाजी, वर जाऊन पाहणारे लोक आहेत बरे का." आणि पनामा, बोर्निओ, आग्या माशी, सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "म्हंजे ते बी आमच्यासारखेच. रोज त्याच जागी जातेत आन पाह्यतेत." मी होय म्हणालो. मग त्यांनी जवळच्या एका मोहाकडे बोट करून सांगितले की, या झाडावर वटवाघळे फुलांच्या दिवसांत येतात, पण तीन वर्षे झाली, कमी येतात. किती कमी, ते त्यांनी मोजले नव्हते. मी घरी येऊन माझ्या वहीत ती तारीख आणि ते झाड लिहून ठेवले आहे. या वर्षी फुले गळू लागली की, दोन विद्यार्थी घेऊन मी तेथे संध्याकाळी बसणार आहे.